ठरवले एक, दिसले दुसरेच : निसर्गछायाचित्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते. यंदाच्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा निरनिराळ्या शब्दांत आली आहे : निसर्गात अचानक समोर येणाऱ्या गोष्टी टिपायच्या कशा, आणि टिपल्यावर त्यांचे करायचे काय? त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : सूर्योदय, चंद्रोदय, ढग, वारा हे सर्व ॲपवर पाहूनच मी घराबाहेर पडतो. तरीही ठरवून काढलेली माझी छायाचित्रे इतर सर्वांच्या छायाचित्रांसारखीच दिसतात. लोकांना आवडतात ती मात्र वाटेत, काही न ठरवता काढलेली. मग नियोजन सोडून द्यावे काय?
— एक वाचक, नाशिक

नियोजन सोडू नये. ॲप जे सांगते ते त्या जागी येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून काढलेली चित्रे एकमेकांसारखी निघतात, हे आपले निरीक्षण अचूक आहे. मात्र वाटेत न ठरवता काढलेले चित्र तयारीवाचून निघाले, असे आपण गृहीत धरले आहे आणि ते मला पटत नाही. याबाबत अमेरिकेतील छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्या एका चित्राची हकिकत तपशिलाने सांगण्यासारखी आहे.

१९४१ सालच्या शरद ऋतूत ॲडम्स आपला लहान मुलगा आणि एक मित्र यांच्यासह न्यू मेक्सिको राज्यात फिरत होते. त्या दिवशीच्या कामातून मनासारखे काही हाती लागले नव्हते आणि सायंकाळी ते मोटारीने सांता फेकडे परतत होते. रस्त्याच्या डाव्या बाजूस हर्नांडेझ नावाचे छोटे गाव होते. त्या गावाच्या दफनभूमीतील पांढऱ्या क्रुसांवर मावळत्या सूर्याचे शेवटचे किरण पडले होते आणि मागे, ढग व हिमशिखरे यांच्या वर, चंद्र उगवलेला होता. ॲडम्स यांनी घाईने मोटार कडेला घेतली, सोबत्यांना हाका मारून सामान उतरवले आणि आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा अवजड कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. नेमका प्रकाशमापक सापडेना. क्रुसांवरचे ऊन तर कोणत्याही क्षणी जाणार होते. तेव्हा त्यांना चंद्राच्या पृष्ठभागाची तेजस्विता आठवली, दर चौरस फुटाला २५० कँडल. त्या आकड्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, गडद पिवळ्या फिल्टरसह एफ/३२ वर (म्हणजे लेन्सचे छिद्र अगदी लहान ठेवून) एक सेकंदाचे एक्स्पोजर दिले, म्हणजे तेवढा वेळ फिल्मवर प्रकाश पडू दिला, आणि दुसऱ्या चित्रासाठी फिल्मचा होल्डर उलटला. तेवढ्यात क्रुसांवरचा प्रकाश गेला. दुसरे चित्र झालेच नाही.

चित्राचा योग अनपेक्षित होता यात शंका नाही. परंतु चंद्राची तेजस्विता तोंडपाठ असणे हा योगायोग नव्हता. प्रकाशाच्या पातळ्यांचे नियोजन करणारी झोन पद्धत ॲडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह त्याच काळात बांधली होती आणि असे आकडे त्यांच्या रोजच्या वापरातले होते. शिवाय ते काम त्या सायंकाळी संपलेही नाही. निगेटिव्हमधील पुढचा भाग फार विरळ उतरला होता. १९४८ मध्ये त्यांनी त्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो गडद केला, आणि पुढील दशकांत काढलेल्या मुद्रितांत आकाश अधिकाधिक काळे होत गेले. एका सेकंदात सापडलेले चित्र त्यांना पुढे अनेक वर्षे उलगडत राहिले, ही बाब मला त्या धावपळीच्या हकिकतीइतकीच मोलाची वाटते.

आणखी एक तपशील पाहा. ॲडम्स यांनी तारीख टिपून ठेवलेली नव्हती, त्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी चित्राचे साल निरनिराळे दिले गेले. अखेर खगोलतज्ज्ञांनी चित्रातील चंद्राच्या स्थानावरूनच वेळ काढली. पहिल्या गणिताने ३१ ऑक्टोबर १९४१ हा दिवस आला. पुढे ते तपासून डेनिस डी चिको यांनी १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटे अशी दुरुस्ती केली. ज्या आकाशीय गणितावर आपले ॲप चालते, तेच गणित येथे उलट दिशेने वापरले गेले.

आपल्याला माझी सूचना अशी, की ॲपने सांगितलेल्या जागी ठरल्या वेळेपेक्षा बरेच आधी पोहोचावे आणि तो मोकळा वेळ पाठ फिरवून पाहण्यासाठी वापरावा. सूर्योदयासाठी जमलेले सर्व जण पूर्वेकडे तोंड करून उभे असतात. त्याच वेळी पश्चिमेकडच्या गवतावर, दगडांवर, पाण्यावर जो तिरपा प्रकाश पडतो, तो पाहणारे थोडे. आपल्या जवळच असलेल्या नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात जाल, तेव्हा पक्षी स्पष्ट दिसावेत म्हणून धुके विरण्याची वाट पाहू नका. धुके असेपर्यंत धुक्याचेच चित्र घ्या. ठरवलेले चित्र एकदा काढून झाले की मन मोकळे होते, म्हणून ते आधी काढायलाही हरकत नाही. फक्त त्यापेक्षा वेगळे काही घडू लागल्यास ठरवलेले चित्र तेथेच सोडण्याची तयारी असावी, कारण दोन्ही मिळवण्याच्या प्रयत्नात बहुधा दोन्ही निसटतात.

प्रश्न : अचानक पक्षी उडतो किंवा मुंगूस रस्ता ओलांडते, आणि मी सेटिंग बदलेपर्यंत सर्व संपलेले असते. यावर उपाय काय?
— एक विद्यार्थी, सांगली

कॅमेरा चालताना नेहमी एकाच तयार अवस्थेत ठेवण्याची सवय लावा. दिवसाच्या प्रकाशात शटर स्पीड सेकंदाच्या एक हजारांश भागाइतका, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/५.६ ते एफ/८, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटोवर परंतु कमाल मर्यादा घालून, फोकस सतत मागोवा घेणारा आणि चित्र रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), अशी अवस्था बहुतेक प्रसंगांना पुरते. उडणाऱ्या लहान पक्ष्यांना शटर स्पीड याच्या दुप्पट लागतो. आयएसओची कमाल मर्यादा दुसऱ्यांचे ऐकून ठरवू नका; आपल्या कॅमेऱ्यावर निरनिराळ्या आयएसओची चित्रे काढून, ती मोठी करून पाहून ठरवा. कॅमेऱ्यावर स्वतःची सेटिंग साठवण्याची सोय असल्यास एक जागा हलत्या विषयासाठी आणि दुसरी स्थिर विषयासाठी राखून ठेवा. रात्री दीर्घ एक्स्पोजरची चित्रे काढली असतील, तर कॅमेरा पिशवीत ठेवण्यापूर्वीच तो पुन्हा तयार अवस्थेत आणा. पहाटे घाईत ही गोष्ट हमखास राहून जाते.

प्रत्यक्ष प्रसंगात पहिले चित्र सेटिंग जसे असेल तसे घ्यावे आणि सुधारणा दुसऱ्यापासून करावी. एक्स्पोजर कमी-जास्त करण्याची चकती डोळे न हलवता बोटांना सापडली पाहिजे. या सरावासाठी जंगलात जाण्याची गरज नाही, गच्चीवरून दिसणाऱ्या घारी आणि कावळे उत्तम. नव्या काही मिररलेस कॅमेऱ्यांत बटण पूर्ण दाबण्याच्या आधीचे काही क्षणही साठवून ठेवण्याची सोय आली आहे. झेपावणाऱ्या खंड्यासाठी किंवा पंख उघडणाऱ्या फुलपाखरासाठी ती खरोखर उपयोगी पडते, मात्र चित्रांचा मोठा ढीग जमा होतो आणि तो निवडण्याचा वेळ हिशेबात धरावा लागतो.

पावसाळ्यातील एक अडचण विसरू नये. वातानुकूलित गाडीतून थंड झालेली लेन्स दमट हवेत काढताच तिच्यावर बाष्प धरते आणि ते बराच वेळ जात नाही. उतरण्याच्या अर्धा तास आधी वातानुकूलन बंद करून काचा उघडल्यास ही अडचण टळते. आणि एखादा प्रसंग चालू असताना मागच्या पडद्यावर चित्र तपासू नका, कारण मान खाली घातलेल्या त्या दोन-तीन सेकंदांत पुढची हालचाल होऊन जाते.

प्रश्न : ताडोबात वाघ दिसला नाही की सफारी वाया गेल्यासारखी वाटते. वाघाशिवाय काय टिपावे?
— एक वाचक, नागपूर

पुढच्या वेळी गाइडला गाडी निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगा, की आपल्याला वाघाच्या मागे धावायचे नाही. या एका वाक्याने फेरीचा वेग बदलतो. ताडोबा तलावातील मगरी, उन्हाळ्यात पांढऱ्या खोडांनी उठून दिसणारी कांडोळाची झाडे, पाणवठ्यावर एकापाठोपाठ येणारे चितळ आणि रानडुकरे यांच्यासाठी थांबायला मग वेळ उरतो. वानर व चितळ यांचे इशारे ऐकू येऊ लागतात ते गाडीचे इंजिन बंद असतानाच, आणि वाघ दिसायचा असेल तरीही तोच मार्ग अधिक भरवशाचा आहे.

प्रश्न : पावसाळ्यात परसातल्या एका पानावर बसलेल्या कीटकाचे छायाचित्र मी मोबाइलवर काढले. माझ्याजवळच्या एकाही पुस्तकात तो सापडत नाही. केवळ छायाचित्रावरून नव्या जीवाचा शोध लागू शकतो काय? मी पुढे काय करावे?
— एक शिक्षिका, सावंतवाडी

आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण पुस्तकात न सापडणाऱ्या कीटकाला ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून देणे सोपे होते. आधी एक सावधगिरी : पुस्तकात नसणे आणि विज्ञानाला अज्ञात असणे यांत मोठे अंतर आहे. सर्वसामान्यांसाठीच्या पुस्तकांत सह्याद्रीतील कीटकांचा अगदी थोडा अंश येतो. आपला कीटक ज्ञात असण्याचीच शक्यता जास्त आहे. तरीही छायाचित्रातून शोध लागल्याचे उदाहरण आहे आणि ते फार जुने नाही.

२०११ मध्ये मलेशियातील सेलांगोर राज्यात, क्वालालंपूरजवळच्या जंगलात, एका हौशी छायाचित्रकाराने जाळीदार पंखांच्या एका हिरव्या कीटकाची छायाचित्रे काढली. आपल्याकडचे शेतकरी मावा खाणारा मित्रकीटक म्हणून ज्या क्रायसोपाला ओळखतात, त्याच कुळातला हा कीटक होता, पण त्याच्या पंखांच्या मुळाशी वेगळीच गडद नक्षी होती. छायाचित्रे काढून झाली आणि कीटक उडून गेला. पुढे ही छायाचित्रे फ्लिकर या संकेतस्थळावर कॅलिफोर्नियातील कीटकतज्ज्ञ शॉन विंटरटन यांच्या पाहण्यात आली. त्यांना ही जात ओळखता येईना, त्यांच्या सहकाऱ्यांनाही येईना. परंतु प्रत्यक्ष नमुना हाती नसताना नव्या जातीची नोंद करणे त्यांना योग्य वाटले नाही. छायाचित्रकाराने साधारण वर्षभराने त्याच परिसरात पुन्हा जाऊन तोच कीटक मिळवला, तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये तपासला गेला आणि २०१२ मध्ये सेमाक्रायसा जेड या नावाने तो विज्ञानात दाखल झाला. छायाचित्रकाराचे नावही शोधनिबंधाच्या लेखकांत आहे. या हकिकतीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या माणसाला जागा नेमकी ठाऊक होती, म्हणूनच तो परत जाऊ शकला.

महाराष्ट्रातील उदाहरण याहून वेगळे आणि अधिक मोठे आहे. रानपिंगळा या लहान घुबडाची शेवटची खात्रीची नोंद १८८४ ची होती, आणि त्यानंतर तो नामशेष झाला असावा असे मानले जात होते. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळाल्याचा दावा केला होता. तो नमुना संग्रहालयातून चोरून खोट्या माहितीनिशी सादर केलेला होता, हे अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांच्या अभ्यासात उघड झाले. याचा अर्थ तोवर चुकीच्या जागेवर विश्वास ठेवला जात होता. खऱ्या जुन्या नोंदींच्या आधारे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडच्या प्रदेशांत शोध घेतला. तेथे काही मिळाले नाही. पुढे २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ (हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे), एका उघड्या झाडावर तो पक्षी दिवसाढवळ्या बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. नेहमीच्या पिंगळ्यासारख्याच दिसणाऱ्या त्या पक्ष्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले, कारण संग्रहालयांतील जुने नमुने त्यांनी बारकाईने अभ्यासलेले होते. त्यांनी तेथेच त्याचे चित्रीकरण केले आणि छायाचित्रे घेतली, त्यामुळे नोंदीला पुरावा मिळाला. पुढे मेळघाट आणि तानसा येथेही हा पक्षी आढळला. त्या सकाळी एखादा वाटसरू त्या झाडाखालून गेला असता, तर त्याला साधा पिंगळा दिसला असता.

आपल्या सावंतवाडीपासून आंबोली घाट किती जवळ आहे! तेथील हिरण्यकेशी मंदिराच्या परिसरात भाविकांची नेहमी ये-जा असते, आणि तरीही तेथील पाण्यात राहणारी माशाची एक जात विज्ञानाला २०२० मध्ये माहीत झाली. तिला हिरण्यकेशीचेच नाव मिळाले आणि पुढच्या वर्षी त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा देण्यात आला. म्हणून आपल्या परसातील कीटकाकडे दुर्लक्ष करू नये.

आता पुढे काय करावे ते सांगतो. मोबाइलमधील मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवरून पाठवलेले चित्र आकाराने लहान होते आणि त्यातील तारीख-वेळेची माहितीही निघून जाते, त्यामुळे ते पुराव्याच्या कामाचे राहत नाही. कीटक पुन्हा दिसल्यास वरून, बाजूने आणि समोरून अशी निदान तीन छायाचित्रे घ्यावीत, शक्य झाल्यास त्याला न हलवता पानाजवळ मोजपट्टी धरावी, आणि तो बसलेल्या झाडाचे स्वतंत्र छायाचित्र घ्यावे, कारण अनेक कीटकांची ओळख त्यांच्या खाद्यवनस्पतीवरूनच लागते. तारीख, वेळ, पाऊस होता की ऊन, कीटक काय करत होता, हे त्याच दिवशी वहीत लिहावे. नंतर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर नोंद टाकावी, म्हणजे त्या गटाचे जाणकार ती पाहतील. दुर्मीळ जीव असल्याचे समजल्यास अचूक ठिकाण लपवण्याची सोय जरूर वापरा. असे जीव पकडून विकणारे लोक याच नोंदी चाळत असतात. नमुना गोळा करण्याचा विचार मात्र तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय करू नये, आणि संरक्षित जंगलात तर परवानगीवाचून मुळीच नाही.

प्रश्न : हरिश्चंद्रगडावर इंद्रवज्र पाहण्याची आणि टिपण्याची इच्छा आहे. ते केव्हा दिसते?
— एक गिर्यारोहक, पुणे

अमुक दिवशी दिसेल असे कोणीही सांगू शकणार नाही, परंतु ते कोणत्या परिस्थितीत दिसते हे निश्चित सांगता येते. सूर्य आपल्या पाठीशी आणि फार वर न चढलेला हवा, आणि समोर आपल्या पातळीच्या खाली धुके किंवा ढग हवा. गडावरचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी कड्यावर उभे राहिलेल्या माणसाची सावली दरीतील धुक्यावर पडते आणि त्या सावलीतील मस्तकाभोवती रंगांची वर्तुळे उमटतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये येथील इंद्रवज्राची नोंद केलेली आहे. पावसाचा जोर ओसरल्यावर, दरीत ढग आणि वर ऊन अशी स्थिती वारंवार येते तेव्हा, संधी अधिक असते.

इंद्रवज्र म्हणजे गोल दिसणारे इंद्रधनुष्य असे पुष्कळदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांतून वळून आलेल्या प्रकाशाचे असते आणि त्याचे कडे सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर पडते. म्हणूनच सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असताना सपाट जमिनीवरून ते दिसत नाही. इंद्रवज्र धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांतून सूर्याच्या दिशेने परत फिरणाऱ्या प्रकाशाचे असते आणि त्याची वर्तुळे केवळ काही अंशांची असतात. थेंब जितके बारीक, तितकी वर्तुळे मोठी. प्रत्येकाला ते स्वतःच्याच सावलीभोवती दिसते, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या सावलीभोवतीचे वर्तुळ आपल्या कॅमेऱ्यात येणार नाही. आपल्या चित्रात वर्तुळाचा मध्य कॅमेऱ्याच्या सावलीवरच असेल. चित्राची मांडणी करताना हे ठाऊक असले की गोंधळ होत नाही. धुके उजळ असल्याने कॅमेरा ते करडे करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर थोडे वाढवावे.

इंद्रधनुष्यही पाहणाऱ्याबरोबर सरकते, आणि याचा उपयोग करून घेणाऱ्या एका छायाचित्रकाराचे उदाहरण द्यावेसे वाटते. गेलन रोवेल हे अमेरिकी गिर्यारोहक १९८१ मध्ये तिबेटात, ल्हासाजवळ असताना त्यांना इंद्रधनुष्य दिसले, पण ते पोताला राजवाड्यापासून दूर होते. आपण जागा बदलली तर ते राजवाड्यावर आणता येईल हे ओळखून ते सुमारे ३,६५० मीटर उंचीवरच्या त्या विरळ हवेत सामानासह धावले, आणि धनुष्याचे टोक राजवाड्याच्या छतावर टेकल्यासारखे दिसेल अशा जागी पोहोचून त्यांनी चित्र घेतले. प्रकाशशास्त्र ठाऊक नसलेल्याला ते धनुष्य जिथे दिसले तिथेच टिपावे लागले असते. आपल्याजवळ पोलरायझर (परावर्तित प्रकाश अडवणारा, फिरवता येणारा फिल्टर) असल्यास तो लावून फिरवून पाहा : एका स्थितीत इंद्रधनुष्य ठळक होते, दुसऱ्या स्थितीत जवळजवळ नाहीसे होते.

मात्र कोकणकड्यावर धावाधाव नको. डोळा कॅमेऱ्याला लावून तेथे एकही पाऊल टाकू नका. कड्याच्या धारेवरचे गवत ओले असते आणि खाली किती खोल दरी आहे हे धुक्यात कळत नाही.

प्रश्न : मॅक्रो (लहान जीवांचे अगदी जवळून मोठे चित्र घेण्याच्या) छायाचित्रणाच्या काही सहलींत बेडूक उचलून सुंदर पानावर ठेवतात. पक्ष्याला त्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण ऐकवून जवळ बोलावतात. चित्र मात्र सहज टिपल्यासारखे दिसते. कोणाचे नुकसान होत नसेल, तर यात गैर काय?
— एक वाचक, मुंबई

नुकसान होते. बेडकाची त्वचा ओलसर आणि शोषून घेणारी असते. आपल्या हाताला लागलेले डास पळवण्याचे मलम त्याच्या अंगात जाते. ध्वनिमुद्रण ऐकून येणारा पक्षी आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला असे समजून येतो आणि विणीच्या दिवसांत अंडी-पिल्ले सोडून त्या नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. घरट्यांच्या बाबतीत तर कायदाही स्पष्ट आहे : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येतच धरले आहे. चांगल्या चित्रासाठी घरट्यासमोरची फांदी कापणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, कारण ती फांदी पिल्लांना ऊन आणि शिकरा या दोहोंपासून लपवत असते.

काजव्यांचेही तसेच आहे. मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडी भागात पाहणाऱ्यांची गर्दी होते. नराचे लुकलुकणे हे मादीला दिलेले संकेत असतात आणि टॉर्चच्या झोतात ते संकेत हरवतात. तेथे टॉर्च लागलाच तर लाल कागद लावून, जमिनीकडे धरून वापरावा. झाडभर काजवे दाखवणारी अनेक चित्रे पुष्कळ एक्स्पोजर एकत्र करून तयार केलेली असतात. त्यात काही चूक नाही, फक्त तसे चित्राखाली लिहिले पाहिजे.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग खरेपणाचा आहे. लंडनमधील वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च पारितोषिक फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळाले होते. तो लांडगा बहुधा शिकवलेला, माणसाळलेला असावा या निष्कर्षाप्रत परीक्षक आले आणि २०१० मध्ये ते पारितोषिक काढून घेण्यात आले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. २०१७ मध्ये त्याच स्पर्धेत ब्राझीलमधील रात्रीचे एक चित्र एका विभागात विजयी ठरले : तारांकित आकाश, हिरवट दिव्यांनी चमकणारे वारूळ आणि त्याच्याकडे येणारा मुंगीखाऊ. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी तो मुंगीखाऊ पेंढा भरलेल्या एका नमुन्याशी तंतोतंत जुळतो असे सांगितले आणि तेही चित्र बाद झाले. येथेही छायाचित्रकाराने आरोप मान्य केला नाही.

मला या दुसऱ्या प्रकरणाचे विशेष वाईट वाटते. वारुळावरचा तो प्रकाश खरा असतो. एका जातीच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या वारुळाच्या भिंतीत राहून अंधारात चमकतात आणि भोवती उडणाऱ्या किड्यांना आकर्षित करून खातात. इतकी विलक्षण गोष्ट समोर असताना तिच्यात आणखी काही आणून ठेवण्याची गरज कोणाला का वाटावी? मॅक्रो सहलींतही असेच घडते. बेडूक ज्या चिखलात, ज्या कुजलेल्या पानाखाली बसला आहे, तेथेच त्याच्या तेथे असण्याचे कारण दिसते. त्याला चकचकीत पानावर ठेवले की ते कारण चित्रातून गेले आणि पाहणाऱ्याला शोधण्यासारखे काही उरले नाही. आपल्या सहलीत असे होत असेल तर आयोजकांना तेथेच, सर्वांसमोर, थांबायला सांगा. पैसे भरून आलेल्या माणसाचे ते ऐकतात.

प्रश्न : माझे वय झाले आहे, गुडघेदुखीमुळे बाहेर फिरता येत नाही. इमारतीतील छोट्या गॅलरीत चार कुंड्या आहेत. या वयात, या जागेत, नवे काही सापडेल काय?
— एक आजी, डोंबिवली

नक्की सापडेल, आजी. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात, जेरिको नावाच्या गावी, विल्सन बेंटली नावाचे एक शेतकरी होऊन गेले. त्यांना सूक्ष्मदर्शक त्यांच्या आईने दिला होता. त्याला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र घेतले. नंतर १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी पाच हजारांवर हिमस्फटिकांची छायाचित्रे काढली, तीही आपल्या शेतावर राहून. हिमकण वितळण्यापूर्वी काळ्या पाटीवर झेलून, पिसाने अलगद हलवून, गारठलेल्या खोलीत ते हे काम करत. त्यांच्या चित्रांमुळे त्या स्फटिकांची षट्कोनी रचना आणि तिची अमर्याद विविधता लोकांसमोर आली.

आपल्या कुंड्यांत कढीलिंब किंवा लिंबाचे रोप असल्यास काम लगेच सुरू करता येईल. नसल्यास एक लावून घ्या. कॉमन मॉर्मन आणि लाइम ही फुलपाखरे शहरातही या रोपांवर अंडी घालतात. अंडे टाचणीच्या डोक्याएवढे, फिकट पिवळसर आणि बहुधा कोवळ्या पानावर एकेकटे असते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे ती नजरेतून सुटते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि तिला धक्का लागल्यास डोक्यामागून शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. धक्का मात्र आपण देऊ नका, वाऱ्याने किंवा मुंगीने दिलेला पाहा. रोपावर कीटकनाशक मारू नका आणि अळीने खाल्लेल्या पानांची काळजी करू नका, रोप पुन्हा फुटते.

कोष झाल्यावर रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून, मोबाइलने एक छायाचित्र घ्या. मोबाइल खिडकीच्या गजाला किंवा स्टुलावर टेकवला की हात थरथरला तरी चित्र हलणार नाही. फुलपाखरू बाहेर पडण्याच्या सुमारास कोषाचे आवरण पारदर्शक होऊन पंखांचे रंग आतून दिसू लागतात. ते दिसले की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गॅलरीत खुर्ची टाकून बसा. काही वेळा कोषातून फुलपाखराऐवजी बारीक परजीवी माश्या बाहेर पडतात. तसे झाल्यास निराश न होता त्यांचीही छायाचित्रे घ्या, कारण अशा नोंदी फार थोड्या लोकांकडे असतात. अंडे कधी दिसले, अळीने कात कधी टाकली, कोष कधी झाला आणि त्यातून कोण बाहेर आले, या तारखा वहीत लिहून छायाचित्रांसह आमच्याकडे पाठवा.